धावत्या गाडीवरची शांत जागा

ताम्हिणी घाटातून माणगावकडे निघालेला मोटारसायकलस्वार वाटेतला मैलाचा दगड सहज वाचतो आणि पुढे जातो. यात काही विशेष आहे असं त्याच्या मनातही येत नाही. पण त्याच गाडीच्या हँडलला कॅमेरा लावून काढलेलं चित्रीकरण घरी पाहायला घ्यावं, तर तोच दगड थरथरत असतो, विजेचे खांब नागमोडी झालेले असतात आणि डांबरावर लाटा उठत असतात. रस्ता तोच, गाडी तीच, क्षणही तोच. मग माणसाला जे शांत दिसलं ते यंत्राला इतकं पिसाळलेलं का दिसावं?

मोटारसायकलवर कॅमेरा कुठे लावायचा, हा प्रश्न वरवर पाहता हौशी लोकांचा, सुट्टीच्या दिवशीचा. पण त्याच्या मागे लागलं की गाडीच्या पोटापासून आपल्या कानाच्या आतपर्यंत जाऊन यावं लागतं.

आधी गाडीच्या पोटात शिरू. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. हिला सिलिंडर एकच. त्यातला पिस्टन ८५.८ मिलिमीटर खाली जातो, थांबतो, उलट फिरून तेवढाच वर येतो आणि पुन्हा थांबतो. इंजिनाचे मिनिटाला ४००० फेरे होत असतील, तर सेकंदाला सुमारे ६७ फेरे झाले. म्हणजे एका सेकंदात हा धातूचा ठोकळा १३३ वेळा पूर्ण थांबतो! बरं, त्याचा सरासरी वेग किती असेल? हिशेब मांडला तर ताशी ४१ किलोमीटर येतो. गाडी सिग्नलला जागच्या जागी उभी असताना कुणी ॲक्सिलरेटर तेवढा पिळला, तरी पिस्टन आपल्या बोटभर खोलीत त्याच वेगाने येरझाऱ्या घालत असतो.

असा प्रत्येक थांबा हा एक धक्का असतो आणि तो सोसते चॅसी. २०२० मध्ये मिटिऑरबरोबर आलेल्या नव्या ३५० इंजिनात एक बॅलन्सर शाफ्ट आहे. त्याचं वजन पिस्टनच्या विरुद्ध दिशेला ओढ देत फिरतं आणि धक्क्याचा बराच भाग तिथल्या तिथे खोडून काढतं. बराच, पण सगळा नाही. उरलेला धक्का नळ्यानळ्यांतून हँडलपर्यंत, आरशापर्यंत, आणि आपण लावला असेल तर कॅमेऱ्यापर्यंत येतो.

आता आरशाकडे पाहा. तुम्ही रोज गाडी चालवत असाल तर हे नक्की अनुभवलं असेल: एका ठरावीक वेगाला आरशातलं चित्र साफ पुसट होतं, आणि वेग थोडा वाढवला की पुन्हा स्वच्छ दिसू लागतं. वेग वाढल्यावर थरथर कमी कशी झाली? प्रत्येक दांडीचा स्वतःचा असा एक ठेका असतो. इंजिनाचा ठेका त्याच्याशी जुळला की दांडी जोरजोरात डुलू लागते, आणि इंजिन पुढे निघून गेलं की ती शांत होते. आरसा आपल्याला हे फुकट दाखवत असतो.

याच्याही पुढचं नवल १७८७ सालच्या एका पुस्तकात आहे. एर्न्स्ट क्लाडनी या जर्मन संशोधकाने पातळ तबकडीवर वाळू भुरभुरवली आणि तबकडीच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. वाळू नाचली, उडाली आणि बघता बघता सुबक रेषांमध्ये जाऊन बसली! तबकडी जिथे थरथरत होती तिथून वाळू हाकलली गेली आणि जिथे ती निश्चल होती तिथे साठली. पूर्ण थरथरणाऱ्या वस्तूतसुद्धा न हलणाऱ्या जागा असतात. मोटारसायकलच्या नळ्या आणि पत्रेही याच नियमाने चालतात. म्हणजे इतक्या हादरणाऱ्या यंत्रावर शांत जागा आहेतच. त्या शोधायच्या, एवढंच आपलं काम.

आणि त्या शोधायला उपकरण लागत नाही. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, कुणाला तरी ॲक्सिलरेटर हळूहळू पिळायला सांगा आणि सायलेन्सर, चाक, चेन टाळून तळहात फिरवत जा. हँडलच्या टोकाला मुंग्या येतील. तेच हँडल मधोमध जिथे क्लॅम्पमध्ये घट्ट पकडलेलं असतं, तिथे बोटं ठेवा. फरक इतका जाणवतो की चकित व्हायला होतं. लेग गार्डच्या खालच्या वळणावर एक कहाणी, चॅसीला बोल्ट केलेल्या टोकाशी दुसरी.

एवढं करून माणूस शांत जागा शोधतो आणि मग तिथून हातभर लांब दांडी काढून तिच्या टोकाला कॅमेरा लावतो! इथे एक कठोर नियम आड येतो. एका टोकाला धरलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली, की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, तो आठव्या भागावर येतो. तिप्पट केली तर सत्ताविसाव्या भागावर. म्हणून बाजारातल्या महागड्या, चकचकीत, लांब हातापेक्षा दोन बोटांचा साधा माउंट कितीतरी चांगलं चित्र देतो.

पण थरथर असली तर चित्र पुसट व्हावं. खांब नागमोडी का व्हावेत? कारण आजचे बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाहीत. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. खडखडणाऱ्या एसटीत बसून वहीत लिहायला घ्या: पहिली ओळ लिहिताना बस डावीकडे कललेली, पाचवी लिहिताना उजवीकडे. प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर ठीक असते, एकाखाली एक पाहिल्या की समास वाकडातिकडा. कॅमेऱ्याचंही असंच होतं. वरची ओळ वाचल्यापासून तळाची वाचेपर्यंत हँडल इकडून तिकडे गेलेलं असतं आणि सरळ खांबाचा साप होतो.

मग मधे रबर घालावं, हा विचार कुणालाही सुचेल. रबर कामही करतं, पण त्याचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. रबरावर बसवलेल्या कॅमेऱ्याचाही स्वतःचा ठेका असतो. इंजिनाचा ठेका त्याच्या सुमारे १.४ पटींहून जलद असेल तरच रबर थरथर अडवतं. त्याहून संथ असेल तर तेच रबर थरथर वाढवतं! म्हणून सेकंदाला ६७ ठेक्यांची गुणगुण रबर छान गिळतं, आणि खड्ड्यांचे संथ हेलकावे आले की कॅमेऱ्याला डोलवत बसतं.

मोबाइलच्या बाबतीत प्रश्न चित्रापुरता राहत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीरपणे सांगितलं की ताकदवान मोटारसायकल इंजिनाची थरथर दीर्घकाळ थेट पोचत राहिली तर आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. कारण चित्र स्थिर ठेवण्यासाठी त्यात चक्क भिंग हलवणारी नाजूक यंत्रणा असते. हात थरथरला की भिंग उलट दिशेला सरकतं. हाताची थरथर सोसायला घडवलेल्या त्या इवल्याशा यंत्रणेला आपण पिस्टनशी कुस्ती खेळायला लावतो. हँडलवर मोबाइल लावायचाच असेल तर रबरी डँपरवाला माउंट घ्याच.

ॲक्शन कॅमेरे बहुधा दुसरी युक्ती वापरतात. आतला सूक्ष्म जायरोस्कोप कॅमेरा किती फिरला ते मोजतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र तेवढंच उलट सरकवतं. भर उन्हात परिणाम जादूसारखा. संध्याकाळी दाट झाडीत शिरलं की मात्र जादू ओसरते, कारण कमी उजेडात प्रत्येक चित्राला जास्त वेळ लागतो, त्या वेळात ते फरकटतं, आणि फरकटलेलं चित्र सरकवून नीट होत नाही. कॅमेरा मुळात शांत जागी असणं याला अजून तरी तोड सापडलेली नाही.

आता जागा निवडताना एक सीमारेषा लक्षात ठेवा: शॉकअप. त्याच्या खालचं जग वेगळं, वरचं वेगळं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर कॅमेरा लावला तर तो चाकाबरोबर प्रत्येक खडा मोजतो. चित्रात चाक स्थिर आणि सगळी गाडी वरखाली उसळताना दिसते. तोच कॅमेरा वीतभर वर चॅसीला लावा, आणि आता गाडी स्थिर, चाक उड्या मारतंय. शिवाय खाली लावलेल्या कॅमेऱ्यात वेग भयंकर वाटतो. ताशी ६० किलोमीटरला, जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर असलेल्या भिंगाखालून रस्ता १.६ मीटरवरच्या डोळ्यांखालून जातो त्याच्या चौपट झपाट्याने सरकतो. वेग आपल्याला मुख्यतः जमिनीच्या अशा वाहण्यातून कळतो, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० मध्ये विमानं उतरवणाऱ्या वैमानिकांची उदाहरणं घेऊन उलगडून दाखवलं होतं.

मला स्वतःला सर्वांत थक्क करतं ते वळण. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घ्यायचं तर गाडी सुमारे ३२ अंश कलावी लागते. गाडीवर लावलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज तेवढंच तिरपं होतं. आता सांगा, अशा कललेल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल कोणत्या बाजूला जातं? कोणत्याच नाही! वळणावरचा बाहेरचा रेटा आणि गुरुत्वाकर्षण यांची बेरीज बरोबर गाडीच्या उभ्या रेषेत येते, म्हणून पेट्रोल टाकीशी समांतरच राहतं. 'खाली' कुठे आहे हे नुसत्या ओढीवरून ठरवणारा कोणताही सेन्सर इथे फसतो. त्याच्या मते गाडी सरळ उभी असते. कॅमेऱ्याला क्षितिज सरळ ठेवायचं असेल तर जायरोस्कोपकडून क्षणाक्षणाचं फिरणं मोजून बेरीज करत राहावं लागतं.

आपल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्रही ओढीपुरतं असंच फसतं. पण स्वाराकडे डोळे असतात. गाडी ३२ अंश कलते, तो क्षितिज पाहतो आणि नकळत मान उलट वाकवून डोकं बरंचसं सरळ ठेवतो. कुणी शिकवलेलं नसतं.

एक प्रयोग आत्ताच करा. हा मजकूर समोर धरा आणि डोकं डावी-उजवीकडे भराभर हलवत वाचा. वाचता येतं. आता डोकं स्थिर ठेवून कागद तितक्याच वेगाने हलवा. अक्षरं पुसली जातात! पहिल्या वेळी कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांनी डोकं फिरल्याची खबर दिली आणि फक्त तीन चेतापेशींच्या साखळीतून ती डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत गेली. सगळ्याला लागला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. त्याआधी सीट, मांड्या, कणा आणि मान यांनी इंजिनाची बारीक थरथर वाटेतच जिरवलेली असते. मैलाचा दगड वाचता येतो तो असा.

म्हणून माझा कौल फुल फेस हेल्मेटच्या हनुवटीला. डोळ्यांच्या वीतभर खाली असलेलं भिंग स्वाराचे हात, हँडल, पुढचा रस्ता, सगळं त्याच्याच नजरेने पाहतं. वळणावर क्षितिज जवळजवळ सरळ राहतं आणि खाली गाडी कलताना दिसते, आणि घाटातल्या फेरीची खरी मजा तीच तर आहे. शिवाय शरीराने घडवलेला थरथर जिरवणारा सर्वोत्तम सांगाडा फुकट मिळतो. डोक्याच्या टाळूवर लावलेला कॅमेरा वाऱ्यात मानेला मागे खेचतो, कानाशी लावलेला एका बाजूला. छातीवरचा पट्टा डोक्याइतका भिरभिरत नाही, पण वाकून बसायच्या गाडीवर तो नुसती टाकीच दाखवतो. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याची काठी चित्रातून अदृश्य होते, कारण ती पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंगांच्या मधल्या पट्टीत लपते. काठी लांब असल्यामुळे ताठपणाचा मघाचा नियम मात्र तिला चुकत नाही.

हेल्मेटला भोक पाडून किंवा स्क्रू मारून काहीही बसवू नका. त्याचं कवच जीव वाचवण्यासाठी आहे आणि आपटताना बाहेर आलेली कठीण वस्तू एकाच बिंदूवर मार देऊ शकते. याच काळजीने केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावायला मनाई केली. तिकडे निघणार असाल तर आजचा नियम आधी पाहून घ्या; शंका असेल तर छातीचा पट्टा किंवा चॅसीवरची शांत जागा बरी. इथेही जोरात ओढताच निघून येईल असाच माउंट हनुवटीला लावा.

आणि लावताना घाई करू नका. या माउंटखाली असते ती जाड, फेसासारखी ॲक्रिलिक चिकटपट्टी अतिशय संथपणे वाहणारा पदार्थ आहे. दाबल्यावर ती पृष्ठभागाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमध्ये हळूहळू उतरत जाते. साधारण खोलीच्या तापमानाला पहिल्या २० मिनिटांत तिची पकड निम्मी तयार होते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण व्हायला तब्बल ७२ तास लागतात. तेव्हा रविवारी सकाळी घाट गाठायचा असेल, तर हेल्मेट पुसून, पूर्ण कोरडं करून माउंट गुरुवारी सकाळीच चिकटवा.