बहुपदीत बांधलेली गाठ

केज तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात दाव्याला मारतात ती साधी गाठ घ्या आणि दाव्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाका. टोपोलॉजीतली सगळ्यात लहान खरी गाठ तयार झाली. ओढा, ताणा, पिळा. दोर कापल्याशिवाय ती सुटत नाही. हीच गाठ प्रा. अनंत शास्त्री यांनी तीन बहुपदींत बांधली. जपानच्या ‘तोहोकू मॅथेमॅटिकल जर्नल’मध्ये १९९२ साली त्यांचा तो लेख आला.

शास्त्री टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. विकलक टोपोलॉजी आणि बैजिक टोपोलॉजी या दोन्ही विषयांवर त्यांची जाडजूड पाठ्यपुस्तकं आहेत. मला मात्र त्यांचा हा छोटा लेखच जास्त मोलाचा वाटतो.

त्यामागचा प्रश्न श्रीराम अभ्यंकरांचा. उज्जैनला १९३० साली जन्मलेले, हार्वर्डला झारिस्कींकडे १९५५ साली पीएचडी झालेले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात रमूनही १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणारे अभ्यंकर. शाळेतल्या बीजगणितात केवढी ताकद आहे, हे ते आयुष्यभर हिरिरीने सांगत राहिले. १९७५ साली त्यांनी आणि टी. टी. मोह यांनी सिद्ध केलं की बहुपदींनी प्रतलात नीट बसवलेली रेषा कितीही वाकडी दिसली, तरी बहुपदींनीच निर्देशक बदलून सरळ करता येते. चार किंवा त्याहून जास्त परिमाणांतही ती सरळ होते, हे पुढे इतरांनी दाखवलं. अडचण आहे ती तीन परिमाणांत. तिथे सरळ न होणाऱ्या रेषा असणार, असा अभ्यंकरांचा कयास होता.

शास्त्रींची रेषा अशी: कोणतीही संख्या घ्या. तिचा घन वजा तिची तिप्पट, हा पहिला निर्देशक. चौथा घात वजा वर्गाची चौपट, हा दुसरा. पाचवा घात वजा दहापट, ही उंची. आता ३ चं वर्गमूळ घालून पाहा, मग तेच ऋण करून घाला. दोन्ही वेळा पहिले दोन निर्देशक ० आणि −३ येतात. म्हणजे वरून पाहिलं तर रेषा स्वतःवरून जाते. उंची मात्र एकदा ३ चं ऋण वर्गमूळ, एकदा धन. त्यामुळे धागे एकमेकांना शिवत नाहीत. असे छेद एकूण तीनच. रेषेवरून एका टोकाकडून चालत निघालं तर खालून, वरून, खालून, वरून, खालून, वरून असा क्रम लागतो. रेषेची दोन्ही टोकं अनंतात जोडली असं मानलं, की तीच दाव्याची गाठ! केजच्या शाळेतल्या फळ्यावर, नुसत्या खडूने, नववी-दहावीची मुलं हे पडताळू शकतात, आणि त्यांना ते दाखवायलाच हवं.

शास्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येक प्रकारची गाठ अशी बहुपदींत बांधता येते, हेही त्यांनी सिद्ध केलं. गाठ असलेली रेषा वास्तव संख्यांच्या अवकाशात सरळ होणं शक्यच नाही. तिथपर्यंत अभ्यंकरांचा कयास खरा ठरला. संमिश्र संख्या आल्या की मात्र हा युक्तिवाद लुळा पडतो. तिथे रेषाच पृष्ठासारखी पसरते, अवकाश सहा परिमाणांचं होतं, आणि एवढ्या ऐसपैस जागेत टोपोलॉजीला गाठ सापडत नाही.

शास्त्रींच्या विद्यार्थिनी रमा मिश्रा यांनी पुढे हाच धागा धरला आणि पुण्याच्या आयसरमध्ये त्यावर काम केलं. कोणत्या गाठीला कमीत कमी किती घाताच्या बहुपदी लागतात, हा त्यांचा प्रश्न.