रुग्णाच्या उशाशीं

दुखणेकऱ्याची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या वाङ्मयांत पुष्कळ आहेत. त्याच्या उशाशीं रात्र जागविणाऱ्याचें मन उघडें करून दाखविणाऱ्या फार थोड्या. ऑस्ट्रेलियांतील लेखिका हेलन गार्नर यांची २००८ सालीं प्रसिद्ध झालेली ‘द स्पेअर रूम’ ही लहानशी कादंबरी या दुसऱ्या प्रकारची आहे. पाहुण्यांसाठीं राखून ठेवलेली खोली, असा त्या नांवाचा अर्थ.

कथा मेलबोर्न शहरांत घडते. ती सांगणारी हेलन ही उतारवयाची बाई लेखिकेचेंच नांव धारण करते. तिच्या घराला लागूनच मुलीचें बिऱ्हाड आहे आणि नात बेसी आजीकडे सारखी ये-जा करीत असते. अशा या घरीं सिडनीहून निकोला ही जुनी मैत्रीण तीन आठवड्यांसाठीं येते. तिच्या शरीरांत कर्करोग पसरला आहे. परंतु ती येते ती नेहमींच्या रुग्णालयासाठीं नव्हे, तर एका खाजगी संस्थेंतील विलक्षण उपचारांसाठीं. तेथें क जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस शिरेंतून देतात, ओझोनचा प्रयोग करतात, अंगाला तुंबड्याहि लावतात.

या आशेला पूर्वेतिहास आहे. नोबेल पारितोषिक मिळविलेले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग व स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य युअन कॅमेरॉन यांनीं १९७६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, क जीवनसत्त्वानें असाध्य कर्करोग झालेल्यांचें आयुष्य वाढतें. पुढें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें घेतलेल्या चाचण्या १९७९ व १९८५ सालीं प्रसिद्ध झाल्या. हें जीवनसत्त्व तोंडावाटें देऊन त्यांत कांहींच लाभ दिसला नाहीं. शिरेवाटें दिल्यानें कर्करोग बरा होतो, हेंहि सिद्ध झालेलें नाहीं. तरीपण बुडत्याला काडीचा आधार वाटतो, आणि काडी विकणारेहि भेटतात.

हेलनचा संताप मात्र केवळ या विक्रेत्यांवर नाहीं. उपचारानंतर निकोला रात्रभर तळमळते, घामानें अंथरूण भिजून जातें. हेलन पुनः पुनः उठून चादरी बदलते. सकाळीं निकोला हंसून सांगते कीं, हें शरीरांतील विष बाहेर पडत आहे, आतां गुण येणारच. रात्रीच्या श्रमांपेक्षां हें दिवसाचें हास्यच हेलनला अधिक थकवितें.

टॉल्स्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यु’ या १८८६ सालच्या कथेची येथें आठवण होते. तेथें रोगी सत्य जाणतो आणि भोंवतालचीं माणसें त्याच्याशीं खोटें बोलतात. गेरासिम हा चाकर तेवढा खोटें न बोलतां त्याचे पाय आपल्या खांद्यांवर धरून बसतो. गार्नर यांच्या कादंबरींत बाजू पालटल्या आहेत. येथें सत्य टाळते ती रोगी स्त्रीच, आणि सेवा करणारीला त्या खोट्यांत सामील व्हावें लागतें. अशा वेळीं मित्रधर्म कोणता? मरणाऱ्याची शेवटची आशा राखावी, कीं मोडावी?

हेलनचा धीर अखेर सुटतो. ती रागानें बोलते आणि मैत्रिणीला मरणाची तयारी करावयास सांगते. गार्नर यांनीं या रागाला सात्त्विक मुलामा दिलेला नाहीं. सेवा करणाऱ्याच्या मनांतहि तिटकाऱ्याचा क्षण येतो, आणि तरीहि तो चादर बदलावयास उठतो, हें त्यांनीं निर्भयपणें लिहिलें आहे. निकोलाचीहि बाजू त्या विसरत नाहींत. कोणावर भार घालूं नये असें मानणाऱ्या बाईला मदत मागणें किती जड जातें, हें वाचकाला हळूहळू उमगतें.

तीन आठवडे संपतात. पुढची हकीगत लेखिका थोडक्यांत सांगते. निकोला सिडनीस परतते. तेथें जवळचीं माणसें पाळीपाळीनें तिची शुश्रूषा करतात, आणि हेलनहि आपली पाळी करून येते. मित्रधर्माच्या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाहीं; परंतु तो प्रश्न एकट्यानें वाहण्याचा नव्हे, हें मात्र ती दाखविते. ज्याच्या घरीं अशी खोली सज्ज करण्याची वेळ येईल, त्यानें धुतलेल्या चादरींबरोबरच पाळी घेणारीं दोनचार माणसेंहि आधींच जोडून ठेवावीं.