डोळ्यांवरची पट्टी सुटलेला चित्ता

वडोदऱ्याला सासूबाईंच्या कपाटात गायकवाडी काळावरचे एक जुने पुस्तक आहे. त्यातल्या एका छायाचित्रापाशी माझी लेक नेहमी थांबते. डोळ्यांवर पट्टी बांधलेला शिकारी चित्ता आणि त्याची दोरी धरून बसलेला चित्तेवान.

"आजी, त्याचे डोळे का बांधलेत?"

"काळवीट दिसेपर्यंत शांत बसावा म्हणून गं," सासूबाई सांगतात.

हा प्राणी मोकळा कसा दिसत असेल, या एका प्रश्नापायी आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत नामिबियाला जाऊन आलो.

निघण्याआधी बेळगावला आईला फोन केला. "चिरते बघायला एवढ्या लांब? अगं, ती तर आपल्या उसातही निघते!" आई हसली. पण कन्नडमधली चिरते म्हणजे आपला बिबट्या. चित्ता वेगळा. अंगावर भरीव ठिपके, डोळ्यापासून तोंडापर्यंत आसवासारखी काळी रेघ. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत त्याचे कन्नड नाव 'सिवंगी' असे दिले आहे. प्राणी गेला, तसा शब्दही विसरला गेला.

एकेकाळी वडोदऱ्याप्रमाणे कोल्हापूर दरबारातही चित्ते होते. ते माणसाळत, पण कैदेत त्यांना पिल्ले होत नसत. म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. आपल्याकडचे संपत आले तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून मागवले. अखेर १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

विंडहोकच्या उत्तरेला अडीचशे किलोमीटरवर ओट्जिवारोंगो हे गाव आहे. तिथून पुढे कच्च्या रस्त्याने गेले की डॉ. लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या चित्ता संवर्धन संस्थेचे आवार लागते. आपल्याकडे कडक ऊन, तिकडे थंडीची सुरुवात. भोवती काटेरी झुडपे, मागे वॉटरबर्गचे पठार. रानात परत सोडता न येणारे चित्ते इथे सांभाळतात. त्यांना व्यायाम व्हावा म्हणून दोरीला बांधलेले फडके यंत्राने ओढतात. फडके हलले आणि ठिपक्यांची एक रेघच समोरून सरकली! लेक टाळ्या वाजवायचीही विसरली.

मी मात्र रमले ते शेळ्यांच्या गोठ्यात. तिथे राखणीचे कुत्रे होते. या तुर्की जातीचे नाव 'कंगाल', अंगाने मात्र वासराएवढे! १९८०च्या दशकात तिथल्या पशुपालकांनी जनावरांच्या भीतीने हजारो चित्ते मारले किंवा पकडून हलवले. संस्थेने त्यांना उपदेश न करता १९९४ पासून राखणीची पिल्ले द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणीच शेळ्यांत वाढते, कळपालाच आपले घर मानते. ते भुंकत समोर उभे राहिले की चित्ता बहुधा वाट बदलतो. शेळीही वाचते, चित्ताही.

१९९६ च्या कायद्याने तिथल्या सामुदायिक जमिनींवरील गावकऱ्यांना वन्यजीव सांभाळण्याचा आणि त्यातून मिळकत घेण्याचा हक्क मिळाला. अशी ऐंशीहून अधिक संवर्धन क्षेत्रे आज तिथे आहेत.

सयाजीरावांचे पणतू फत्तेसिंहराव गायकवाड १९६९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या घराण्याने चित्ते बांधले, त्याच घराण्यातला माणूस रानाच्या राखणीला उभा राहिला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. काही दगावले, पण कुनोत पिल्लेही जन्मली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आदिस अबाबामार्गे जात असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ असू द्या, आणि सकाळसाठी स्वेटर.

परतल्यावर आईला कुत्र्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हे तर आपल्या धनगरांना, कुरुबरांना कधीपासून ठाऊक आहे!" खरेच आहे. चित्ता असो की उसातली चिरते, तिच्या जगण्यामरण्याचा निवाडा शेवटी शेळी गेलेल्याच्या दारातच होतो. मदत आधी तिथे पोचायला हवी.