मच्छीमार नौकेची डिझेल टाकी

श्रोतेहो, जाताना ठणठणीत ओढणारे इंजिन परतताना धापा टाकू लागले की तांडेल आधी पंपाला दोष देतो, मग मिस्त्रीला. पण दोष कधी कधी टाकीत असतो, तिकडे कोणी बघतच नाही.

असे पाहा, इंजिनाचा पंप जळते त्याहून अधिक डिझेल ओढतो. उरलेले डिझेल पंपाची व इंजेक्टरांची उष्णता घेऊन परतीच्या नळीने टाकीत येते. किती येते ते इंजिनाच्या बनावटीवर आहे. टाकी भरलेली असेल तर हे कढत पाण्याचे चार तांबे हौदात ओतल्यासारखे. टाकी उतरली की तेच चार तांबे बादलीत पडतात!

तापलेले डिझेल फुगते, दर 10 अंश सेल्सिअसला शेकडा सुमारे 0.8. आणि साधा पंप डिझेल मापून देतो, तोलून नव्हे. डिझेल 30 अंश अधिक तापले तर त्याच मापात वजनाने जवळजवळ अडीच टक्के इंधन कमी पडते. शिवाय पातळ झालेले डिझेल पंपाच्या दट्ट्याच्या फटीतून निसटते, आणि त्याच डिझेलवर वंगणासाठी अवलंबून असलेला दट्ट्या झिजू लागतो. म्हणजे वारा तोंडावर आणि किनारा दूर, नेमक्या त्या वेळी जोर घटायचा.

मग टाकी केवढी हवी? गुरुजींनी हे गणित मुलांना खुशाल घालावे. पूर्ण भारावर एका अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटरहून थोडे कमी, म्हणजे 0.2 लिटर डिझेल धरा. 100 अश्वशक्तीचे इंजिन दोन तृतीयांश भारावर तासाला सुमारे 14 लिटर घेईल. तीन दिवस, रोज 14 तास. झाले 588 लिटर. जायला एक हिस्सा, यायला एक आणि अडीअडचणीला एक, असे तीन हिस्से धरले की 882. तळाचा गाळ-पाणी आणि वरची फुगण्याची जागा मिळून शेकडा दहा सोडा, की टाकी हजार लिटरच्या घरात जाते. तिचे नुसते डिझेलच साडेसात क्विंटलच्या आसपास भरेल, तेवढा बर्फ कमी घ्यावा लागेल. म्हणून उगाच मोठी टाकीही नको.

टाकी धुराड्याच्या नळीपासून दूर ठेवावी. परतीची नळी ओढीच्या नळीजवळ सोडू नये, मध्ये भोकांचे पडदे असावेत. त्यांनी डिझेल हिंदकळतही नाही. एवढ्यानेही भागले नाही तर परतीच्या नळीवर समुद्राच्या पाण्याने थंड होणारा कूलर बसवता येतो.

दोन टाक्या असतील तर ज्या टाकीतून ओढता तिच्यातच परतीचे डिझेल सोडा. नाहीतर एक रिकामी होते आणि दुसरी हवेच्या नळीतून डेकवर वाहू लागते, आणि तळच्या तोटीतून पाणी काढायला गेलेल्या खलाशाचा पाय त्यावरून घसरतो.