मंडळे का मोडतात?

गणेशोत्सव आला की मंडळे जन्माला येतात आणि विसर्जनाबरोबर त्यांतली निम्मी विसर्जित होतात, असे आपण विनोदाने म्हणतो. विनोद बाजूला ठेवला तरी आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तरुण मंडळ, वाचनालय, नाट्यमंडळ, क्रीडामंडळ अशा पाट्या गावोगाव दिसतात, आणि पुष्कळदा पाटीवरचा रंग उडण्याआधीच मंडळ उडालेले असते. कारण विचारावे तर "पैसा नाही" हे उत्तर ठरलेले. मला हे उत्तर पटत नाही. पैशावाचून चाललेली मंडळे आहेत आणि पैसा असून मोडलेलीही आहेत. खरी उणीव नियोजनाची असते. आणि जिथे नियोजन असते तिथे ते बहुधा काम करणाऱ्यांनी केलेले नसते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

कचेरीतले नियोजन आणि मंडळाचे नियोजन यांत मूलभूत फरक आहे. कचेरीत पगार असतो, म्हणून हुकूम चालतो. मंडळात सभासद आपल्या खुशीने येतो आणि मन उडाले की न सांगता येईनासा होतो. संस्थेची नोंदणी करणे फारसे अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे पुरतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. घटना, कार्यकारिणी, वार्षिक सभा, तपासलेले जमाखर्च हे सारे आवश्यकच आहे. परंतु नोंदणीने संस्थेला नाव मिळते, प्राण मिळत नाही. मंडळाचे खरे भांडवल म्हणजे सभासदांचा वेळ, आणि त्याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वादोन तास. आपल्या मंडळाच्या वहीत ४० नावे आहेत, पण प्रत्यक्षात येणारे १२ आहेत असे धरू. प्रत्येकाने आठवड्याला २ तास दिले आणि परीक्षा व सुट्या वगळून २४ आठवडे मिळाले, तर वर्षाची सारी पुंजी झाली ५७६ तास. आता एखाद्या वस्तीवर आठवड्याचे सहा दिवस, रोज संध्याकाळी २ तास, दोघांनी बसून वाचनालय चालवायचे ठरवले, तर २४ आठवड्यांत बरोबर ५७६ तास लागतात. एवढ्या एका कामात पुंजी संपली! आणि आपण तर जूनच्या पहिल्याच सभेत वाचनालय, वृक्षारोपण, वक्तृत्वस्पर्धा, एकांकिका, साक्षरतावर्ग असे दहा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करतो. म्हणून नियोजनाची पहिली पायरी म्हणजे काय करायचे नाही हे ठरवणे, असे मी म्हणेन.

दुसरी पायरी स्थळकाळाची. पुण्यामुंबईच्या संस्थेचे वेळापत्रक उतरून घेतले तर ते आपल्याकडे चालणार नाही. पावसाळ्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातील कित्येक पाड्यांशी संपर्क कठीण होतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. होळीला मात्र सातपुड्याचा माणूस शक्यतो घरी परततो. पाड्यावरची सभा जानेवारीत ठेवली तर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटणार. हीच सभा होळीच्या आगेमागे ठेवली तर गाव भेटेल. भाषेचेही तसेच. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या सभासदांपुढे छापील मराठीत भाषणे झाली तर होकार मिळतो, पण तो होकार संमतीचा असतो की संकोचाचा, हे कळत नाही.

या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी शहादे तालुका धुळे जिल्ह्यात होता. १९७१ सालच्या पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर या भागातील आदिवासींत मोठी जागृती झाली. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, हे भिल्ल समाजातलेच कार्यकर्ते तिचे अग्रणी होते. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकरांसारखे इंजिनियर झालेले तरुण शहरे सोडून येथे येऊन राहिले. मागण्या मोजक्या होत्या: गेलेली जमीन परत मिळावी, मजुराला आणि सालदाराला रास्त मजुरी मिळावी. संघटनेचा पाया शहाद्याच्या कचेरीत नव्हता. गावोगावची तरुण मंडळे आणि वेळोवेळी भरणारी शिबिरे हाच तिचा पाया होता. १९७४ साली अंबरसिंग महाराजांचे निधन झाले, तरी काम थांबले नाही, याचे एक कारण मला येथे दिसते.

शिबिरांचा आणखी एक उपयोग झाला. स्त्रिया बोलू लागल्या तेव्हा त्यांनी दारूचा आणि दारू पिऊन होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न पुढे केला, आणि १९७२-७३ च्या सुमारास गावोगाव दारूची मडकी फुटली. जमीन आणि मजुरी या मूळ मागण्यांत हे कलम नव्हते. ते सभासदांनी घातले. योजना लिहिताना अशी मोकळी जागा ठेवावी लागते, हा त्यातला धडा.

पण याच चळवळीत वाढलेले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविताही आपण विसरू नये. १९८७ साली त्यांचा 'गोधड' हा संग्रह आला. व्यासपीठावर बसून आपलेच दुःख आपल्याला समजावून सांगणाऱ्यांविषयीची ही कविता आहे. सहानुभूतीने आलेली माणसेही नकळत दुसऱ्याच्या वतीने ठरवू लागतात, हे दुखणे तिने नेमके दाखवले. आपल्या महाविद्यालयीन मंडळांतही वेगळे काय होते? चार चुणचुणीत मुले योजना आखतात. वसतिगृहातली पाड्यावरची मुले सतरंज्या घालतात आणि खुर्च्या लावतात. मग पुढच्या वर्षी ती आली नाहीत की आपण म्हणतो, "या मुलांना आवडच नाही."

तेव्हा मंडळाची तीन वर्षांची योजना एका पानात बसावी आणि ती सर्वांसमक्ष लिहिली जावी, असे मी सुचवतो. तिच्यात चार प्रश्नांची उत्तरे असावीत. हे काम कोणासाठी? त्याला किती तास लागतील? ते तास कोण देणार, नावानिशी? आणि ती व्यक्ती गेल्यावर कोण? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण विद्यार्थी तीन-चार वर्षांनी जाणारच. चिटणीस शेवटच्या वर्षाचा असेल तर उपचिटणीस पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा असावा. किल्ली, वही, शिल्लक आणि अपुरी कामे यांची सूची परीक्षेपूर्वीच त्याच्या हाती द्यावी. दर तीन महिन्यांनी हे पान सभेत वाचावे. जे झाले नाही ते का झाले नाही, हे ज्याने करायचे होते त्यानेच सांगावे, पण त्याला आरोपी करू नये.

मंडळ मोडले तर आपले काय जाते, असे कोणी विचारील. आपले फारसे जात नाही. आपण पदवी घेऊन नाशिकला नाही तर सुरतेला जातो. पण ज्या पाड्यावर आपण वाचनालय उघडले आणि दुसऱ्या वर्षी कुलूप लावले, तिथली मुले पुढच्या वेळी आलेल्या कोणाचाही शब्द खरा मानीत नाहीत. पुढे येणाऱ्यांची ती उधारी आपण आधीच उचललेली असते. म्हणून येत्या जूनमधल्या पहिल्या सभेत नव्या ठरावांकडे वळण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या किती ठरावांचे काम अजून चालू आहे, एवढे आधी वाचून दाखवावे, अशी माझी सर्व मंडळांच्या चिटणीसांना विनंती आहे.