ढलपी आणि पाते

एका हातात लाकडाचा तुकडा, दुसऱ्या हातात चाकू आणि मांडीवर पडत जाणाऱ्या पातळ ढलप्या. लाकडाला असा आकार देण्याला इंग्रजीत ‘व्हिटलिंग’ म्हणतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘तासणे’. सुताराच्या कोरीवकामाला शेगडा लागतो, हातोडी लागते, आठ-दहा तऱ्हेच्या पटाश्या लागतात. तासणाऱ्याकडे एकच पाते असते. झाडाची साल काढायची ती त्यानेच आणि लाकडी चिमणीचा डोळा उमटवायचा तोही त्यानेच. त्यामुळे चाकू चुकला की सगळेच चुकते.

खिशातला घडीचा चाकू मुळात या कामासाठी जन्मलेला नाही. सुतळी तोडणे, सफरचंद कापणे, पार्सल उघडणे ही त्याची रोजची कामे, आणि ती मिनिटभरात संपतात. तासायला बसलेला माणूस मात्र तास-दोन तास तीच मूठ आवळून धरतो. दुकानात देखण्या वाटणाऱ्या चाकूचे दोष अर्ध्या तासात तळहातावर उमटतात, ते यामुळे.

पहिली चूक होते ती लांबीत. मोठे पाते म्हणजे मोठे काम, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जोर लागतो तो मुठीजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आणि बारीक काम होते ते टोकाने. टोक हातापासून जितके दूर, तितके ते बेशिस्त. चार ते सात सेंटिमीटरचे पाते बहुतेक सगळे काम निभावते. दहा सेंटिमीटरच्या पात्याने काठी सोलता येते, पण लाकडी माणसाच्या नाकपुड्या काढताना ते गावठी कोयत्यासारखे वाटू लागते.

आकाराच्या बाबतीत सरळ धार उत्तम. शिकारीच्या चाकूची धार पोटाशी फुगीर असते. कातडे सोलायला ती बरी, लाकडावर ती घसरते. ज्या पात्याची धार सरळ असते आणि पाठ टोकाकडे उतरत येते, त्याला ‘व्हार्नक्लिफ’ म्हणतात. हे नाव शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूवाल्यांनी त्याच नावाच्या उमरावावरून दिलेले. या पात्याचे टोक धारेच्या रेषेतच असल्याने ते नेमके कुठे टेकणार हे हाताला न बघताही कळते. ज्याच्या टोकाशी पाठ एकदम गोल वळते ते ‘शीपफूट’, म्हणजे मेंढीच्या खुरासारखे पाते. ते आणखी भरभक्कम, पण खोल कोपऱ्यात शिरत नाही.

निवडीचा खरा कस लागतो तो पात्याच्या जाडीत आणि उतारात, आणि नेमके तेच कोणी पाहत नाही. पाते आडवे कापून पाहिले तर ते पाचरीसारखे दिसेल. पाचर जाड असेल तर ती लाकूड कापण्याआधीच फाडू लागते: ढलपी तंतूंच्या रेषेने पुढे पळते आणि चोचीचा शेंडा निघून हातात येतो. पाचर पातळ असेल तर धार पुढे जाते, ढलपी मागे कुरळी होत निघते. बाजारातल्या साधारण घडीच्या चाकूला कारखान्यात दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांची धार दिलेली असते, म्हणजे एकूण चाळीस. खोके फाडायला ती टिकाऊ आहे. लाकडासाठी ती बोथटच म्हणायची. तासणाऱ्याला एकूण पंचवीस-तीस अंशांच्या आसपासची धार लागते. म्हणून नवा चाकू घरी आला की आधी निसण्यावर जातो. तेथे उतार पातळ करण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असे समजू नये.

स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंना हा उतार आधीपासूनच रुंद आणि सपाट दिलेला असतो. तो लाकडावर रंध्याच्या तळासारखा टेकवता येतो आणि पाते किती खोल जाईल हे मनगटाच्या किंचित हालचालीने ठरते. मोरा हे घडीचे चाकू नव्हेत, त्यांना म्यान लागते. पण चांगला उतार कसा असतो हे पाहायचे असेल तर सहा सेंटिमीटर पात्याचा ‘मोरा १२०’ पाहावा. त्याच्या पात्यात मधला थर कडक पोलादाचा आणि दोन्ही बाजूंचे थर मऊ लोखंडी धातूचे असतात.

पोलादाबद्दल विक्रेते फार बोलतात. त्यातले कामाचे थोडेच. पोलादाला पाणी दिले की ते कडक होते. हा कडकपणा रॉकवेल मापाने मोजतात. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचे पाते सुमारे ५६ अंकांवर असते: त्याची धार लवकर लागते आणि लवकर जातेही. अमेरिकेतला ‘१०९५’ हा साध्या कार्बन पोलादाचा प्रकार, ज्यात जवळजवळ एक टक्का कार्बन असतो, ५८ ते ६० पर्यंत नेता येतो. त्याचे कण बारीक असतात, म्हणून पातळ धार न तुटता टिकते. क्रोमियम भरपूर असलेल्या ‘डी-२’सारख्या पोलादात कठीण कार्बाइडचे मोठे कण असतात. दोरखंड कापताना ते उपयोगी पडतात. पण धार पातळ केली की हेच कण सुटून पडतात आणि धारेला सूक्ष्म खाचा पडतात. शिवाय हे पोलाद साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. साध्या कार्बन पोलादाची तक्रार एकच, ते गंजते. कैरी कापून तसेच ठेवले तर दुसऱ्या दिवशी पाते काळेनिळे दिसते. हा काळा थर निरुपद्रवी असतो, उलट पुढचा गंज थोडा अडवतो. तांबूस गंज मात्र लगेच पुसावा. कोकणातल्या पावसाळ्यात तर पात्यावर तेलाचे बोट फिरवल्याशिवाय चाकू मिटू नये.

घडीच्या चाकूचा दुबळा भाग म्हणजे बिजागरी. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते फक्त पाठीमागच्या कमानीच्या जोरावर उघडे राहते, त्याला खटका नसतो. ढलपी काढताना दाब धारेवर येतो आणि पाते आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलले जाते, म्हणून धोका नसतो. धोका होतो तो टोकाने भोक पाडताना किंवा पाते लाकडात अडकल्यावर पाठीकडे हिसका दिल्यावर. तेव्हा पाते मिटते, आणि मध्ये तर्जनी असते. नवशिक्याने खटका असलेलाच चाकू घ्यावा हे उत्तम.

या बाबतीत फ्रान्सच्या ‘ओपिनेल’ने काढलेली वाट फार साधी आहे. आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याच्या घरी कुऱ्हाडी, कोयते बनवण्याचा धंदा होता. १८९० साली त्याने शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू केला. १८९७ पासून त्याचे १ ते १२ क्रमांक ठरले; पैकी १ आणि ११ पुढे बंद झाले. मुठीच्या तोंडाशी फिरणारे पोलादी कडे आले ते १९५५ साली. कड्याला एक फट असते. फट पात्यासमोर असेल तर पाते मिटते. कडे थोडे फिरवले की भरीव भाग पात्याच्या बुडाला अडतो आणि ते हलत नाही. कमान नाही, बटण नाही, बिघडण्यासारखे काही नाही. ६ क्रमांकाचे पाते ७ सेंटिमीटर, ७ चे ८, तर सर्वांत खपाच्या ८ चे साडेआठ. पात्याची जाडी दोन मिलिमीटरहून कमी आणि दोन्ही अंगे किंचित फुगीर, त्यामुळे ढलपी पात्याला चिकटत नाही. दोष आहे तो मुठीत. बीच झाडाचे लाकूड दमट हवेत फुगते आणि पाते आत आवळून बसते. सव्हॉयचे लोक अशा वेळी मिटलेल्या चाकूचे बूड टेबलावर आपटतात, पात्याचे टोक आपसूक बाहेर येते. कार्बन पोलादाचे ६ किंवा ७ क्रमांकाचे ओपिनेल घेतले तर कमी पैशांत जवळजवळ सगळ्या अटी पुऱ्या होतात.

मूठ बोटांनी निवडावी, डोळ्यांनी नव्हे. ती अंड्यासारखी लांबट गोल आणि तळहात भरेल इतकी जाड हवी. पितळी टोप्या, बोटांसाठी कोरलेल्या खाचा, खिशाला अडकवायची क्लिप, पात्याच्या पाठीवर पाडलेले दाते हे सगळे दुकानात रुबाबदार आणि तासताना शत्रू. बटाटा सोलताना जसा अंगठा टेकवून पाते आपल्याकडे ओढतात तीच लाकडावरचीही मुख्य पकड. दुसऱ्या पकडीत डाव्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीला टेकून ते पुढे रेटतो. त्या पाठीवर तीक्ष्ण कडा असेल तर दहा मिनिटांत अंगठा सोलवटतो. अशी कडा घेतल्या घेतल्याच पॉलिश पेपरने गोल करावी.

पात्यांची संख्या हा आणखी एक मोह. अमेरिकेत ‘व्हिटलर’ नावाचा तीन पात्यांचा नमुनाच आहे: एका टोकाला मोठे पाते, दुसऱ्या टोकाला दोन लहान. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावची केस कंपनी तो बनवते, आणि त्या तिन्ही पात्यांना काम असते. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल चाकूतली करवत आणि आरही उपयोगी आहे. कात्री, बूच काढायचा पीळ आणि भिंग यांनी मात्र मूठ तेवढी रुंद आणि टोकदार कडांची होते. दोन-तीन अवजारांचा पातळ नमुना बरा.

चाकू किती करू शकतो याचा नमुना ओहायो राज्यातल्या डोव्हर गावच्या अर्नेस्ट वॉर्थर यांनी ठेवला आहे. १८८५ साली जन्मलेल्या वॉर्थर यांनी गुरे राखण्याच्या वयात रस्त्यावर सापडलेल्या चाकूने तासायला सुरुवात केली. एका भटक्या कामगाराने त्यांना एकाच लाकडातून, दहा कापांत, उघडझाप होणारी पक्कड करून दाखवली. त्यात जोड नाही, खिळा नाही. बिजागरीसकट सगळे एकाच तुकड्यात. १९१३ साली त्यांनी अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून अशा ५११ पकडींचे झाड काढले. कापांची संख्या सांगतात ३१,०००. लहानपणीचा चाकू त्यांना पुढे पुरला नाही. बाजारातली धार टिकत नव्हती, म्हणून ते स्वतःच पाती घडवू लागले आणि एकाच मुठीत वेगवेगळी पाती बसवू लागले. त्या गावात त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे.

धार राखण्याची सोय चाकूबरोबरच घ्यायची असते. हजार क्रमांकाचा पाण्याचा दगड आणि न्हाव्याकडे असे तसा चामड्याचा पट्टा एवढे पुरे. दगडावर घासताना दुसऱ्या अंगाला धातूचा बारीक ओठ वळतो. नख आडवे फिरवले की तो खरखरतो. तो आला की बाजू बदलावी. पट्ट्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळून पाते उलटे, म्हणजे पाठीच्या दिशेने ओढावे. तासताना दर वीसेक मिनिटांनी असे दहा-बारा फेरे मारले तर दगडाची गरज महिनोन्‌महिने पडत नाही. धार पाहायला केस कापण्याची गरज नाही. मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकाला आडवा काप द्यावा. काप मेणासारखा चमकला तर धार ठीक. पांढुरकी रेघ उमटली तर पात्यावर त्याच जागी खाच आहे.

लाकूड चुकीचे असेल तर उत्तम चाकूही बदनाम होतो. अमेरिकेत बासवुड आणि युरोपात लाइम ही एकाच जातकुळीतली मऊ, बारीक तंतूंची झाडे वापरतात. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पारंपरिक रीतीने वापरला जाणारा पांगारा असाच हलका आणि मऊ आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. बाभळीच्या वाळक्या काठीवर नवा चाकू चालवणे म्हणजे त्याच्याशी वैर धरणे. ओली फांदी वाळक्या लाकडापेक्षा कितीतरी सहज तासली जाते, फक्त वाळताना ती तडकते.

दुकानात पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे, ते डुलता कामा नये. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावू नये. धार प्रकाशात धरावी. कुठे चमकती ठिपकी दिसली तर तेथे ती बोथट आहे. कायद्याची अडचण या मापात सहसा येत नाही: शस्त्र नियमांतली मर्यादा नऊ इंच लांबीची किंवा दोन इंच रुंदीची आहे. विमानात मात्र चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही. चाकू कोणताही घ्या. चाकू धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला चामड्याचे टोपण पहिल्याच दिवशी चढवा.