एकच ख्रिस्त, निरनिराळे पंथ

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेस कोर्लईचा किल्ला असून त्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. या लोकांच्या घरगुती बोलीत पोर्तुगीज व मराठी या दोन्ही भाषांचा अंश आढळतो. पोर्तुगीजांनी चौलास 1521 साली किल्ला बांधला व 1740 साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. राज्य गेले, परंतु कोर्लईकरांचा रोमन कॅथलिक धर्म टिकून राहिला. पुढे 1823 साली याच किनाऱ्यावर, दक्षिणेस बाणकोटला, स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले. तेही ख्रिस्तीच, पण रोमच्या पोपची सत्ता त्यांस मान्य नव्हती. तेव्हा ख्रिस्त एक, बायबल एक, मग हे भेद कशाचे, असा प्रश्न परक्या माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

वरवर पाहता हे भेद उपासनेच्या रीतीचे दिसतात. रोमन कॅथलिक देवळात क्रूस, मरियेची व संतांची चित्रे आणि मूर्ती असतात. स्कॉटिश पद्धतीच्या देवळाच्या भिंती बहुधा मोकळ्या असतात. गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण गावच्या माणसास हा फरक चटकन लक्षात येईल. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मूर्तीस जो द्यावयाचा तो मान होय; आराधना एका देवाचीच. प्रभुभोजनाबद्दलही असाच मतभेद आहे. विधीच्या वेळी भाकर व द्राक्षारस ही खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, असे कॅथलिक मानतात. कित्येक प्रॉटेस्टंट पंथ तो विधी मुख्यत्वे स्मरणार्थ समजतात. तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा की समजत्या वयात स्वतः श्रद्धा प्रकट करणाऱ्यासच द्यावा, हा आणखी एक जुना वाद आहे.

परंतु या सर्व भेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा? कॅथलिक म्हणतात, शास्त्र व परंपरा यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार ख्रिस्तमंडळीचा. 1517 साली मार्टिन लूथरने जर्मनीत जी चळवळ सुरू केली तिचे म्हणणे असे की, शेवटचा आधार शास्त्रच. आता शास्त्र प्रत्येकाने वाचावयाचे म्हटले की प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीस वाव मिळतो, आणि त्याबरोबर नव्या पंथांनाही वाट मोकळी होते. इंग्लंडच्या मंडळीने बिशपांची परंपरा ठेवली, पण पोपची सत्ता नाकारली. त्यामुळे ती या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नसून माणसाच्या जिवास लागणारा आहे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होईल. त्यांनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आश्रय दिला तो इंग्लंडच्या मंडळीतील जोगिणींनी. त्यांपैकी सिस्टर जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता झाली व रमाबाई तिला मायेने ‘आजीबाई’ म्हणू लागल्या. पण लवकरच दोघींमध्ये वाद सुरू झाला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य, ख्रिस्ताचा अलौकिक जन्म, अथेनेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेला धर्मसिद्धांत, या गोष्टी बायबलाच्या आधाराने पटल्याखेरीज स्वीकारावयास रमाबाई तयार होईनात. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालण्यास त्यांनी हरकत घेतली व त्याजागी संस्कृत अक्षरे असावीत असे सुचविले. त्यांनी मांसाहार केला नाही. यात सिस्टर जेराल्डीनला जुन्या जातीचा अभिमान दिसला.

रमाबाईंची बाजू थोडक्यात अशी होती: भटाभिक्षुकांच्या जोखडातून जी मान सोडविली ती पुन्हा दुसऱ्या धर्मगुरूंच्या जोखडाखाली द्यावयाची नाही. उलट सिस्टर जेराल्डीनला वाटे की, मंडळीत प्रवेश करताना तिची शिकवण नम्रतेने घ्यावयास हवी; नवशिक्या माणसाने शतकानुशतकांच्या ज्ञानास आव्हान देणे हा गर्व होय. यांपैकी कोणा एकीस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एकीस सत्याची चाड होती, दुसरीस आपल्या धर्मकन्येच्या आत्म्याची काळजी होती. विशेष हे की, परदेशात, लहान मुलगी पदरी असताना, जिच्या आश्रयाने दिवस काढावयाचे तिच्याशीच असा मतभेद रमाबाईंनी धरला, आणि तरीही दोघींचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालू राहिला.

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे वळविण्यात ज्यांच्या पत्रांचा मोठा वाटा होता ते नीळकंठशास्त्री गोरे यांची वाट अगदी निराळी. 1848 साली बाप्तिस्मा घेऊन पुढे ते नेहेम्या गोरे म्हणून प्रसिद्ध झाले. आरंभी त्यांचा संबंध साध्या उपासनेवर भर देणाऱ्या मिशनशी आला. पण विचार करता करता मंडळीची प्राचीन परंपरा व तिचे विधी यांकडेच त्यांचा ओढा वाढला. एकाच्या विवेकबुद्धीने परंपरेकडे नेले, दुसरीच्या बुद्धीने तिच्यापासून दूर नेले. यावरून विवेक म्हणजे नेहमी बंडच, असे म्हणता येत नाही.

रमाबाईंची मतेही स्थिर राहिली नाहीत. 1891 च्या सुमारास त्यांस असे जाणवले की, आपणास ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. त्यानंतरची त्यांची श्रद्धा अधिक भक्तिपर झाली. पण हा बदल अंतरीच्या अनुभवाने घडला, आज्ञेने नव्हे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी कोणत्याही एका पंथाचा झेंडा लावला नाही. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी चालविले. शास्त्र ज्याचे त्याने वाचावे असे म्हणणाऱ्याने ते वाचता येईल असे करून दिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

नारायण वामन टिळक यांनी आणखी एक पाऊल टाकले. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी बरीच वर्षे अमेरिकन मिशनमध्ये काम केले. पण 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. मंडळीची सीमा कोठे संपते, हा प्रश्न त्यांनी मराठी माणसापुढे उभा केला.

या भेदांवर उपाय शोधण्याचे प्रयत्नही झाले आहेत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली. बाप्तिस्म्याचा वाद तिने मोठ्या समजुतीने सोडविला: तान्ह्या मुलाचा व समजत्या वयाचा, दोन्ही प्रकार ग्राह्य धरले. मेथडिस्टांतील एक मोठा गट मात्र ऐनवेळी बाहेर राहिला. रोमन कॅथलिक मंडळीनेही 1962 ते 1965 या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास मोकळीक दिली. देवास लॅटिनच अधिक प्रिय का असावी, हा रमाबाईंचा प्रश्न अशा रीतीने ऐंशी वर्षांनी दुसऱ्या एका मंडळीतही मार्गी लागला.

पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 साली जन्मलेले विनोबा भावे ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांनी नव्या करारातील वेचे निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले. तथापि नुसत्या वेच्यांवर पंथ चालत नाही. मुलांस काय शिकवावे, प्रार्थना कशी करावी, मृतास कसे पोचवावे, हे ठरविण्यास मंडळी लागतेच. मंडळी नसेल तर श्रद्धा एकट्यापुरती उरते आणि त्याच्याबरोबर मावळते. विवेकास जागा नसेल तर मंडळी उरते, पण श्रद्धा उरत नाही. जी मंडळी आपल्यातील रमाबाईंना बाहेर घालवीत नाही आणि ज्या रमाबाई आपल्या आजीबाईंस पत्र लिहिणे सोडीत नाहीत, त्यांच्यामध्येच मतभेद असूनही धर्म जिवंत राहतो.